स्वतःच्या घरावर माहितीपट करायचाय? विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न यवतमाळ, वाशिम, गडचिरोली, भंडारा अशा भागांत राहून स्वतःवर, घरावर, गावावर माहितीपट करू पाहणाऱ्यांसाठी आहेत. शहरात जाऊन मग सुरुवात करायची असा विचार असेल, तर आधी हे वाचा. या प्रकाराला लागणारी सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे एकाच माणसांजवळ वर्षानुवर्षं असणं, आणि ती तुमच्याकडे आहे.

आत्मपर माहितीपट म्हणजे नेमकं काय? आम्ही व्लॉग करतो, तेही तेच ना?

दोन्हींत माणूस स्वतःचं आयुष्य दाखवतो, पण वेळेशी वागण्याची रीत वेगळी आहे. व्लॉग आज काढला, आज टाकला. माहितीपटात २०१७ सालची सपरी आणि २०२५ सालची तीच सपरी शेजारी ठेवता येते, आणि मधल्या वर्षांत काय गेलं ते पाहणाऱ्याला न सांगता कळतं. कॅमेरा धरणाराही त्यात पात्र असतो. त्याचा आवाज, त्याचे अडखळलेले प्रश्न, त्याला मिळालेली बोलणी, सगळं फिल्ममध्ये येतं.

या वाटेवरचं ठळक नाव म्हणजे अमेरिकेतला रॉस मॅकएल्वी. तो अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या शर्मन या सेनापतीच्या मोहिमेवर फिल्म करायला निघाला होता. त्याच सुमारास त्याचं प्रेमाचं नातं तुटलं आणि फिल्म त्याच्या स्वतःच्या एकटेपणाकडे वळली. ‘शर्मन्स मार्च’ या त्या फिल्मला १९८७ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात माहितीपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पुढच्या फिल्मांत त्याचं लग्न, वडिलांचं जाणं, मुलगा मोठा होणं हेच विषय येत राहिले. या प्रकारातलं करिअर असंच घडतं, एकाच घराकडे पुन्हा पुन्हा परतून. आपल्याकडे आनंद पटवर्धन यांची २०२३ मधली ‘वसुधैव कुटुंबकम्’ आईवडिलांच्या वर्षानुवर्षं साठवलेल्या घरगुती चित्रणावर उभी आहे.

आमच्या घरात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. विषय कुठून आणू?

मोठी घटना शोधू नका, ताण शोधा. घरात कोणत्या गोष्टीवर बोलणं थांबतं? धाकट्या काकांचं नाव निघालं की आजी उठून का जाते? वावर विकायचं की ठेवायचं यावर दर दिवाळीला तोच वाद का होतो? संत्र्याची बाग तोडली त्या वर्षी वडील काय करत होते? असा एक प्रश्न एका ओळीत लिहा. उत्तर तुम्हाला आधीच माहीत असेल तर तो प्रश्न टाकून द्या. ठाऊक असलेलं सिद्ध करायला काढलेली फिल्म वीस मिनिटांत दम सोडते.

सुरुवातीला सामान किती लागतं?

फोन असला तर पैसा आधी आवाजावर घाला. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा वायरचा कॉलर माइक, हलणार नाही असा तिपाई स्टँड, फोनला धरणारा क्लॅम्प आणि दोन हार्ड डिस्क. एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. पुढे पैसा आला की आठ-दहा हजारांचा वेगळा साउंड रेकॉर्डर घ्या, कॅमेरा त्यानंतर. चित्र थोडं भुरकट असलं तरी लोक पाहतात. बोलणं कळलं नाही की उठून जातात.

डिस्क दोन हव्यात, त्याही वेगवेगळ्या घरांत. हिशेब असा: फोनचं फुल एचडी चित्रण तासाला साधारण ८ ते १० जीबी जागा खातं. ५० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटने, काढणारा कॅमेरा तासाला २२.५ जीबी खातो. म्हणजे ४० तासांचं फुटेज ९०० जीबी झालं.

फोनवर काढलेलं फुटेज एडिटिंगला घेतलं की आवाज आणि ओठ जुळत नाहीत. का?

फोन प्रकाशानुसार फ्रेमचा वेग स्वतःच कमीजास्त करतो, आवाजाचा वेग मात्र ठरलेला असतो. दहा मिनिटांच्या मुलाखतीत शेवटी फरक उघड दिसतो. शूटिंगच्या वेळीच ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं फुकट अ‍ॅप वापरून वेग सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर बांधून ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ट्यूबलाइटचे पट्टे बहुधा येत नाहीत. स्वस्त एलईडी बल्ब तरीही लुकलुकतात, तिथे बल्ब बंद करून खिडकीजवळ बसवा. आधीचं फुटेज असंच निघालं असेल तर हँडब्रेक या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून रूपांतर करा आणि मूळ फाइल जपून ठेवा.

घरात कूलर चालतो, बाहेर भोंगा. स्वच्छ आवाज कसा मिळवायचा?

कूलर हा विदर्भातल्या मुलाखतीचा मोठा शत्रू आहे. त्याची घरघर बोलण्याच्याच पट्टीत असते, त्यामुळे ती काढायला जावं तर माणसाचा आवाजही डब्यात बोलल्यासारखा होतो. उन्हाळ्यात बोलणं सकाळी सहा ते आठमध्ये उरका. दुपारीच घ्यावं लागलं तर खोली आधी गार करून घ्या, कूलर आणि पंखा बंद करा, दहा-बारा मिनिटं बोला आणि पुन्हा चालू करा. म्हाताऱ्या माणसाला ४५ अंशांत बंद खोलीत तासभर बसवू नका. इथे फिल्मपेक्षा त्यांची तब्येत मोठी.

माइक छातीवर, हनुवटीखाली वीतभर. साडीच्या पदराची, मंगळसूत्राची खसखस होते. म्हणून माइकला आधी कागदी टेप लावून तो ब्लाउजच्या आतल्या कडेला घरातल्या बाईलाच लावायला सांगा. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फोन चार्जिंगला लावून रेकॉर्ड करू नका. इन्व्हर्टरवर घर चालू असेल तर गुणगुण हमखास येते. उठण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर टिपा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यं जोडताना ती ठिगळासारखी कामी येते.

उन्हाळ्यात फोन बंद पडतो, पावसाळ्यात लेन्सवर बुरशी येते.

मे महिन्यात उघड्या वावरात फोन काही मिनिटांत तापतो. आधी स्क्रीन मंद करतो, मग रेकॉर्डिंगच थांबवतो, आणि कधी ती फाइल खराब होते. कव्हर काढा, सुती दुपट्ट्याची सावली करा, पाच-पाच मिनिटांचे तुकडे घ्या. गरम फोन थंड पाण्याच्या माठाला टेकवू नका, आत बाष्प धरतं. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतं. कापूस वेचणीच्या दिवसांत लेन्सच्या कडेला तंतू अडकतात. ते ब्लोअरने उडवा, शर्टाने पुसू नका.

शूटिंगचं वेळापत्रक कसं बांधावं?

शेतीच्या वेळापत्रकावर. पेरणीच्या आठवड्यात कुणाकडे मुलाखत मागू नका, मात्र पेरणी जरूर टिपा. पोळा, तान्हा पोळा, कापसाच्या पहिल्या वेचणीआधीची सीतादहीची पूजा, झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) दिवाळीनंतर सुरू होणारा नाटकांचा हंगाम हे दरवर्षी येतात. तीच जागा, तोच कोन, तीच वेळ धरून तीन वर्षं काढा. तिसऱ्या वर्षी त्यातला फरक स्वतःहून बोलू लागतो.

घरच्यांची परवानगी घ्यायची म्हणजे काय? माझेच आईवडील आहेत.

म्हणूनच जास्त काळजी घ्यावी. परका माणूस तुम्हाला नाही म्हणू शकतो, आईला ते जड जातं. परवानगी तीनदा घ्या. कॅमेरा लावण्याआधी तोंडी, आणि ती कॅमेऱ्यावरच नोंदवा: नाव, तारीख, ‘हे कुठे कुठे दाखवलं जाऊ शकतं हे मला सांगितलं आहे.’ त्यानंतर कागदावर, साध्या मराठीत, एका पानात. सही येत नसेल तर अंगठा आणि वाचून दाखवणाऱ्या साक्षीदाराची सही. आणि तिसऱ्यांदा कच्चं एडिट दाखवून. ही तिसरी परवानगी टाळली जाते आणि पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात. माणूस स्वतःला पडद्यावर पाहीपर्यंत त्याला कळतच नाही की त्याने कशाला हो म्हटलं होतं.

कागदात एवढं तरी हवं: फिल्मचं तात्पुरतं नाव, कुठे दाखवणार (महोत्सव, टीव्ही, इंटरनेट), पैसे मिळाले तर वाटा आहे की नाही, आणि कोणता भाग कोणत्या टप्प्यापर्यंत काढून मागता येईल. लहान मुलांसाठी पालकांची सही घ्याच. तरीही ती अठराची झाल्यावर पुन्हा विचारा.

चेहरा धूसर केला म्हणजे ओळख लपली, हे दीड हजार वस्तीच्या गावात खरं नाही. आवाज, चाल, बंडीचा रंग, ओट्यावरचा फरशीचा तुकडा यावरून लोक ओळखतात. ओळख लपवायचीच असेल तर तो प्रसंग दुसऱ्याच्या तोंडून सांगा, नाहीतर सोडून द्या.

घरात शेतकरी आत्महत्या झाली आहे. त्यावर फिल्म करावी का?

करता येते, पण घाई नको. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आईला आणि लहान भावंडांना, नको म्हणण्याची खरी मुभा असायला हवी. पद्धत, जागा, वस्तू दाखवू नका आणि शब्दांतही वर्णन करू नका. एकच कारण ठोकून देऊ नका. कर्ज, नापिकी, आजार, घरातले ताण यांची गुंतागुंत तशीच राहू द्या. मुलाखत सकाळी घ्या, म्हणजे त्यानंतर दिवसभर माणसं सोबत असतात. रात्री एकट्याला त्या आठवणींत सोडून निघू नका. बोलणारा गप्प झाला तर कॅमेरा बंद करण्याचा निर्णय तुमचा नाही, त्यांचा आहे, सरळ विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक चोवीस तास चालतो. तो घरच्यांना द्या आणि स्वतःसाठीही ठेवा, कारण एडिटिंगला बसल्यावर तोच प्रसंग शंभर वेळा तुम्हीच पाहणार आहात.

धुऱ्याचा किंवा हिश्शाचा वाद कोर्टात आहे. चित्रण करू का?

चित्रण करा, प्रसिद्धी थांबवा. रेकॉर्ड केलेलं बोलणं पुरावा म्हणून मागितलं जाऊ शकतं, आणि काकांनी रागात उच्चारलेलं वाक्य तुमच्याच वडिलांच्या अंगाशी येऊ शकतं. सातबारा, फेरफार, नोटिसा पडद्यावर दाखवताना गट क्रमांक आणि इतरांची नावं झाका. निकाल लागेपर्यंतची वाट पाहणं हाही फिल्मचा भाग होऊ शकतो. प्रकाशनाआधी घरच्या वकिलांना तेवढा भाग दाखवून घ्या.

लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट आणि अल्बम आहेत. त्यांचं काय करू?

आधी कॅसेट लावू नका. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून आतली टेप पाहा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती प्लेअरच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब करते. अशी कॅसेट वेगळी पिशवीबंद करून माहीतगाराकडे द्या. बाकीच्या पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या, मग रेकॉर्ड करा. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात.

आपल्याकडची व्हीएचएस पाल पद्धतीची असते: सेकंदाला २५ फ्रेम, डिजिटल करताना ७२० बाय ५७६. चित्र एकाआड एक ओळींचं असतं, म्हणून फील्डचा, म्हणजे त्या ओळींच्या दोन गटांचा, क्रम चुकला की नवरीचा हात करवतीसारखा दिसतो. मूळ फाइल तशीच जपा, ओळी जोडण्याचं काम प्रतीवर करा. चौकोनी चित्र ताणून रुंद करू नका. माणसं बसकी दिसतात, आणि आजोबांना असं विद्रूप करण्याचं काही कारण नाही.

चिकटलेले फोटो अल्बममधून ओढू नका. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत उजेड टाकून जागेवरच फोटो काढा. सुटे असतील तर ६०० डीपीआयने स्कॅन करा. चार बाय सहा इंचाचा फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, पडद्यावर हळूहळू जवळ जायला तो पुरतो. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते.

हक्कांचं विचाराल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार वेगळा करार नसेल तेव्हा पैसे देऊन काढून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाची कॅसेट बहुधा घराचीच. तिच्यावर शूटिंगवाल्याने चिकटवलेली गाणी मात्र घराची नाहीत.

मागे गाणं वाजत होतं. ते ठेवलं तर चालेल?

भिंतीवरचं कॅलेंडर किंवा चित्र ओझरतं आलं तर कायद्यात सूट आहे. गाण्याला तशी सूट धरून चालू नका. वरातीत गाणं वाजवायला सूट आहे, ते फिल्ममध्ये घालायला नाही. जोनाथन कॉएट या दिग्दर्शकाची २००३ मधली ‘टार्नेशन’ सुमारे २१८ डॉलरमध्ये घरच्या संगणकावर तयार झाली. ती प्रदर्शित करताना मुख्यतः संगीताच्या आणि चित्रफितींच्या हक्कांमुळे खर्च लाखो डॉलरवर गेला.

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, गीताचा कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ सालचं, त्यामुळे त्यांच्या भजनांच्या शब्दांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. गावच्या भजनी मंडळाने म्हटलं तरी लेखी परवानगी लागते. आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या पारंपरिक ओव्या मोकळ्या आहेत, पण गाणारीचा गायनावरचा हक्क ५० वर्षांचा असतो. तिच्या परवानगीच्या कागदात तिचं गायन वापरण्याची ओळ घाला.

निवेदन प्रमाण मराठीत करू की वऱ्हाडीत?

घरात ज्या बोलीत भांडता त्या बोलीत. वऱ्हाडी असो, झाडीबोली असो, गोंडी किंवा कोरकू असो. प्रमाण भाषेत लिहिलेलं निवेदन वाचताना आवाज बातमीदाराचा होतो आणि घरचा माणूस पाहुणा वाटू लागतो. मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांपेक्षा वेग नको. गोधड्या टांगलेल्या खोलीत, रात्री अकरानंतर रेकॉर्ड करा. आणि निवेदन कमी ठेवा. जे चित्रात दिसतं ते बोलू नका.

सबटायटल एका वेळी दोन ओळी, एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, किमान एक सेकंद आणि फार तर सहा-सात सेकंद. वऱ्हाडी फिल्मला मराठी सबटायटलही करा, कोल्हापूरच्या प्रेक्षकाला मदत होते. नात्यांचे शब्द इंग्रजीत ‘अंकल’ करून सपाट करू नका. मामा, काका, भाऊजी तसेच राहू द्या.

चाळीस तासांतून एक तास कसा काढायचा?

आधी नोंदवही. प्रत्येक फाइलला तारीख, गाव, माणसं, काय घडलं, आणि तुम्हाला काय वाटलं याची एक ओळ. हे शूटिंगच्या रात्रीच लिहा, सहा महिन्यांनी लिहायला बसलात तर फुटेज पुन्हा पूर्ण पाहावं लागतं. मग कागदाच्या चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहून भिंतीवर लावा. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह या प्रोग्रामची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. जुन्या लॅपटॉपवर अडखळत असेल तर हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून काम करा.

तुमच्या घराला न ओळखणाऱ्या दोन-तीन जणांना कच्चं एडिट दाखवा. ‘आवडली का’ असं विचारू नका. कोण कुणाचं कोण, कुठे कंटाळा आला आणि कुठे माझ्यावर विश्वास बसला नाही, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तिथे येतं जिथे तुम्ही स्वतःला वाचवलेलं असतं. सगळ्यांची गुपितं उघडी आणि करणारा मात्र शहाणा, अशी फिल्म घरावर अन्याय करते.

सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं का?

यूट्यूबला लागत नाही. थिएटर आणि दूरदर्शनसाठी लागतं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या कथाबाह्य विभागातही त्या वर्षी प्रमाणपत्र मिळालेलीच फिल्म चालते. महोत्सवांना केंद्र सरकारकडून सूट घेता येते. ती बहुतेक आयोजकच घेतात, तरी विचारून खात्री करा. अर्ज ऑनलाइन होतो. खर्रा घोटताना, बिडी ओढताना कुणी दिसत असेल तर थिएटरसाठी तंबाखूविरोधी इशारा त्या दृश्यावर द्यावा लागतो. बैल, बकरी, कोंबडी दिसत असतील तर प्राण्यांविषयीच्या कागदांचा प्रश्न निघतो. म्हणून त्या चित्रणाची तारीख, जागा आणि प्राण्याच्या मालकाचं नाव नोंदवहीत ठेवा.

फिल्म पाठवायची कुठे?

मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० पासून माहितीपटांसाठी भरतो, दर दोन वर्षांनी. तिरुवनंतपुरमला केरळचा माहितीपट आणि लघुपट महोत्सव होतो. फिल्म अर्धवट असताना निर्माते शोधायचे असतील तर कोलकात्याचं डॉकएज हे माहितीपटांचं व्यासपीठ बघा. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाप्रकल्पांना अनुदान देते आणि तिथे प्रस्ताव भारतीय भाषांतही लिहिता येतो. म्हणजे मराठीत लिहा, मोडक्या इंग्रजीत नको. फी भरून पन्नास ठिकाणी पाठवण्यापेक्षा आठ-दहा नीट निवडा. आणि इंटरनेटवर आधी टाकू नका; पहिला खेळ आपल्याकडेच हवा अशी अट बऱ्याच महोत्सवांची असते.

यावर पोट भरतं का?

पहिल्या काही वर्षांत नाही. एक फिल्म तीन ते पाच वर्षं घेते आणि त्या काळात पगार कुणी देत नाही. लगीनसराईत शूटिंग, संस्थांच्या छोट्या फिल्म, महाविद्यालयांत शिकवणं, दुसऱ्यांचं एडिटिंग यांवर घर चालवायचं आणि पावसाळ्याचे महिने स्वतःच्या एडिटिंगसाठी राखायचे, ही रीत टिकते. शेती विकून किंवा व्याजाने पैसे काढून पहिली फिल्म करू नका. ते पैसे परत येत नाहीत.

संस्थेसाठी काम करताना वर सांगितलेलं कलम १७ तुमच्यावर उलटतं. पैसे संस्थेने दिले, तर तुमच्याच गावाचं फुटेज संस्थेचं. करारात एक ओळ घाला: ‘कच्चं चित्रण स्वतःच्या फिल्ममध्ये वापरण्याचा हक्क चित्रीकरण करणाऱ्याकडे राहील.’ कामाआधी मागितली तर ती बहुधा मिळते, नंतर मिळत नाही.

पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेत गेल्याशिवाय जमेल का?

जमेल. तिथले छोटे अभ्यासक्रम उपयोगी आहेत, वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात फिल्म आणि रंगमंचाचं शिक्षण मिळतं. झाडीपट्टीच्या मंडळासोबत एक हंगाम ध्वनी किंवा प्रकाश सांभाळला तरी प्रेक्षक कुठे चुळबुळतो हे कळतं.

फिल्म झाल्यावर कच्च्या फुटेजचं काय? जागा खातं म्हणून पुसू का?

पुसू नका. दुसरी आणि तिसरी फिल्म त्यातूनच निघणार आहे. कपाटात ठेवायला साधी हार्ड डिस्क घ्या. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर डेटा गमावू शकते. डिस्क सहा महिन्यांनी एकदा लावून दोन-चार फाइली उघडून पाहा, आणि साधारण पाच वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवा. नोंदवहीची छापील प्रत घरातल्या आणखी एका माणसाकडे द्या आणि तुमच्यानंतर हे फुटेज कुणी, कशासाठी वापरायचं हे त्यातच लिहून सही करा. ज्यांनी काढून टाकायला सांगितलं होतं तो भाग वेगळ्या फोल्डरमध्ये, ठळक नावाने ठेवा, म्हणजे पुढे कुणाच्या हातून तो नकळत वापरला जाणार नाही.